ज्याचा त्याचा सांधा

जूनचा शेवटचा आठवडा होता. पाऊस पडून तीन दिवस झाले होते, रानाला वापसा आला होता आणि परभणीजवळच्या एका शेतात ट्रॅक्टरमागचं चार ओळींचं नवं पेरणी यंत्र पहिल्यांदाच चालणार होतं. त्याचं ड्रॉइंग माझं. पहिलं तास नीट गेलं. धुऱ्यावर ट्रॅक्टर वळला, यंत्र वर उचललं, पुन्हा खाली टेकवलं, आणि दुसऱ्या तासाला दहा-बारा पावलांवरच उजवीकडची साखळी उतरली. चढवली, तर पुन्हा उतरली. मग डावीकडचीही. ड्रायव्हरनं खाली उतरून साखळी बोटानं दाबून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, ही कधी ताठ व्हायली, कधी ढिली पडायली."

हीच साखळी महिनाभर कॉम्प्युटरवर माझ्या डोळ्यांसमोर होती आणि एकदाही ढिली पडली नव्हती. पडणं शक्यच नव्हतं. मॉडेलमध्ये ज्या सांध्यांवर ही साखळी खाली-वर होते, ते सांधे कुलूपबंद होते. हे कुलूप काय असतं, ते मुळात का लावलेलं असतं आणि नेमकं कुठं काढायचं, हे मला त्या रानात उभं राहून कळलं. कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग, शिकणाऱ्या मुलांना याच जागी सगळ्यात जास्त अडखळताना मी पाहतो, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

यंत्राचं ड्रॉइंग आता कागदावर होत नाही. सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर, सॉलिड एज, कॅटिया, क्रिओ अशा सॉफ्टवेअरमध्ये आधी एकेक भाग घडवायचा: पट्टी, पिन, बुश, फण. मग हे भाग एकमेकांना जोडायचे. त्या जोडणीला असेंब्ली म्हणतात. आमच्या यंत्रात प्रत्येक ओळीसाठी एक युनिट होतं: दोन समांतर भुजांची जोडी, फण, बियाण्याची पेटी, बी मोजून टाकणारी चकती आणि मागचं माती दाबणारं चाक. चारही युनिटं हुबेहूब सारखी. मग चार वेळा कोण काढत बसणार? एक युनिट एकदाच जोडायचं, त्याची स्वतंत्र फाइल करायची आणि मोठ्या असेंब्लीत चार ठिकाणी ती आणून बसवायची. असेंब्लीच्या पोटातली ही असेंब्ली म्हणजे सब-असेंब्ली. वर्कशॉपात सगळे 'सब-असेंब्ली'च म्हणतात, मीही तेच म्हणतो.

ही कल्पना कॅडच्या जन्माइतकी जुनी आहे. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्यानं 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्रॅम आपल्या पीएचडीसाठी लिहिला. प्रकाश ओळखणाऱ्या लेखणीनं पडद्यावर थेट रेघ मारायची आणि 'या दोन रेघा समांतर', 'या दोन सारख्या लांबीच्या' असं कॉम्प्युटरला सांगायचं. ते पाळणं त्याचं काम. एक मूळ आकृती काढून तिच्या हव्या तितक्या नकला ठेवता येत. मूळ बदललं की सगळ्या नकला बदलत. आज आपण सब-असेंब्ली चार ठिकाणी ठेवतो तेव्हा हेच करतो. आणि माझी चूकही याच सोयीच्या आड लपलेली होती.

आता हालचालीकडं येऊ. हवेत सुटा असलेला कुठलाही कडक भाग सहा प्रकारे हलू शकतो. पुढं-मागं, डावीकडं-उजवीकडं आणि वर-खाली असं तीन प्रकारचं सरकणं. आणि या तीन दिशांभोवती तीन प्रकारचं फिरणं. भाग जोडणं म्हणजे यातल्या काही हालचाली काढून घेणं. पिन भोकात घालून 'दोघांचा मध्य एक' असं सांगितलं की चार हालचाली जातात. पिन भोकात गोल फिरू शकते आणि आत-बाहेर सरकू शकते. पिनेचं डोकं पट्टीला टेकवलं की सरकणं जातं आणि फक्त फिरणं उरतं. झाली बिजागरी! सॉलिडवर्क्समध्ये या प्रत्येक अटीला 'मेट' म्हणतात, इतर ठिकाणी 'कंस्ट्रेंट' किंवा 'जॉइंट'. १८७५ साली जर्मनीत फ्रान्झ रोलो यांनी यंत्रांच्या गतीवर लिहिलेल्या ग्रंथात यंत्राकडं अशाच सांध्यांच्या जोड्या म्हणून पाहिलं होतं. कॉम्प्युटर नंतर आला, पण हिशेब तोच आहे.

युनिटची फाइल एकटी उघडली की भुजा माउसनं धरून वर-खाली करता येतात. छान हलतात. तेच युनिट मोठ्या असेंब्लीत आणून चौकटीला जोडलं की भुजा हलायचं नाव घेत नाहीत. नवा मुलगा इथं घाबरतो. आपली मेट चुकली असं समजून तो एकेक मेट पुसत सुटतो आणि चांगलं चाललेलं युनिट मोडून ठेवतो. मेट मात्र सगळ्या शाबूत असतात. सॉलिडवर्क्स मोठ्या असेंब्लीत आलेली सब-असेंब्ली मुळातच 'रिजिड' धरतं, म्हणजे आतले सगळे भाग एकमेकांना वेल्डिंग केल्यासारखा एकच गोळा.

हे उगीच नाही. आमच्या एका युनिटमध्ये साठच्या आसपास मेट होत्या. चार युनिटांच्या झाल्या दोनशे चाळीस. माउस एक केसभर हलवला तरी या सगळ्या अटी एकाच वेळी पाळल्या जाताहेत ना, हे कॉम्प्युटरला पुन्हा सोडवून पाहावं लागतं. युनिट रिजिड असेल तर त्याला फक्त चार गोळे कुठं आहेत एवढंच बघायचं असतं. शिवाय बहुतेक सब-असेंब्ली हलायच्या नसतातच. नटबोल्टनं आवळलेली चौकट, विकत आणलेला बेअरिंगचा ब्लॉक, बियाण्याची पेटी आणि तिचं झाकण यांना हलू देऊन फायदा काय? कुलूप लावलेलं असणं ही चांगली सवय आहे. फक्त कुठलं कुलूप काढायचं हे माणसानं सांगावं लागतं.

काढायची रीत सोपी आहे. सॉलिडवर्क्समध्ये डावीकडच्या यादीत सब-असेंब्लीच्या नावावर उजवी कळ दाबून तिच्या गुणधर्मांत 'रिजिड'च्या जागी 'फ्लेक्सिबल' निवडायचं. इन्व्हेंटरमध्येही शब्द तोच, सॉलिड एजमध्ये 'अ‍ॅडजस्टेबल'. क्रिओची तऱ्हा निराळी. तिथं भाग जोडतानाच हा सांधा 'पिन'चा की 'स्लायडर'चा हे सांगता येतं. आपल्या मुलांना परवडण्याच्या दृष्टीनं फ्रीकॅडचं नाव मुद्दाम घेतो. ते पूर्ण मोफत आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या १.० आवृत्तीत असेंब्लीची सोय मूळ प्रोग्रॅममध्येच आली. पोटातली असेंब्ली कडक ठेवायची की हलती, हे तिथंही ठरवता येतं. युनिट फ्लेक्सिबल केलं की त्याच्या आतल्या मेट मोठ्या असेंब्लीच्या हिशेबात येऊन बसतात आणि भुजा हलू लागतात.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढं आहे. रिजिड युनिटं चारही ठिकाणी मूळ फाइलच्याच स्थितीत दिसतात. मूळ फाइलमध्ये भुजा खाली केल्या तर मोठ्या असेंब्लीत चारही युनिटांच्या भुजा एकदम खाली. फ्लेक्सिबल केल्यावर प्रत्येक युनिट आपली स्थिती वेगळी सांभाळतं. पहिलं वर, दुसरं खाली, तिसरं अधे, आणि मूळ फाइल आहे तशीच. पेरणी यंत्राला हेच हवं असतं, कारण काळं रान कधी सपाट नसतं. एका फणाखाली ढेकूळ येतं, शेजारच्या फणाखाली भेग.

आपली तिफण आठवून पाहा. दिंडात तीन फण ठोकून बसवलेले, वर चाडं, चाड्यातून फणांपर्यंत आलेल्या नळ्या. दिंड आणि फण हा पक्का रिजिड गोळा. एका फणाखाली ढेकूळ आलं की तिन्ही फण उचलले जातात आणि त्या हातभर जागेत बी उथळ पडतं. हालचाल कुठं आहे? जू दांडीला जिथं येठणीनं बांधलं जातं तिथं. बैल खाली-वर झाले, वळले, एक पुढं एक मागं चालला तरी दोराचा सांधा ते सगळं सोसतो. बाकीचा हिशेब रुमण्यावरच्या हातानं सांभाळायचा. कुठला सांधा ठोकून पक्का करायचा आणि कुठला दोरानं मोकळा ठेवायचा, हे आपल्या सुतारांनी अचूक ठरवलं होतं. मला ही रचना फार मोलाची वाटते. परभणीत १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात बैलचलित अवजारांवर आजही संशोधन होतं, आणि त्या कामामागंही कुठं कडक, कुठं मोकळं, हाच प्रश्न असतो. ट्रॅक्टरमागच्या यंत्रात रुमण्यावर कुणाचा हात नसतो, म्हणून प्रत्येक ओळीला तिचा स्वतःचा सांधा द्यावा लागतो. सोयाबीनचं बी तीन ते पाच सेंटिमीटरवर पडायला हवं. फार खोल गेलं तर कोंब वर येत नाही, उथळ पडलं तर ओल पुरत नाही. एवढ्या अरुंद पट्ट्यात फण राखायचा तर तो शेजाऱ्याच्या ढेकळाला बांधलेला असून चालत नाही.

यासाठी समांतर भुजा वापरतात. चौकटीची उभी पट्टी, युनिटची उभी पट्टी आणि दोघींना जोडणाऱ्या, सारख्या लांबीच्या वरच्या-खालच्या भुजा. चार कांड्या, चार पिना. युनिट वर-खाली होतं पण झुकत नाही, त्यामुळं फणाचा कोन बदलत नाही. हालचालींचा हिशेब मांडू. सपाट कागदावर चालणाऱ्या अशा रचनेत एक कांडी स्थिर. उरलेल्या तिघींच्या प्रत्येकी तीन म्हणजे नऊ हालचाली. चार पिना प्रत्येकी दोन काढून घेतात, म्हणजे आठ. उरते एक. वर-खाली. बरोबर! आता तोच हिशेब खऱ्या, तिन्ही दिशांच्या जगात करा. तिघींच्या प्रत्येकी सहा, अठरा. चार पिना प्रत्येकी पाच काढतात, वीस. उरतात उणे दोन. म्हणजे ही रचना हलताच कामा नये, उलट दोन अटी जास्तीच्याच आहेत.

तरी ती हलते, कारण चारही पिना एकमेकींना तंतोतंत समांतर आहेत आणि त्या जास्तीच्या अटी कुणाच्या आड येत नाहीत. एखाद्या पट्टीचं भोक मॉडेलमध्ये चुकून अर्धा अंश तिरपं पडू द्या, की कॉम्प्युटर लाल खूण दाखवून हात वर करतो. वर्कशॉपात तेवढं तिरपेपण खपून जातं. बुशात पिनेला दोन-तीन दशांश मिलिमीटरची ढिलाई असते, ती सगळं पोटात घेते. कॅडमधल्या पिनेला ढिलाई नसते. तिथं मध्य एक म्हणजे अगदी एक. म्हणून युनिट फ्लेक्सिबल केल्याबरोबर लाल खुणांचा पाऊस पडला तर आधी भोकं समांतर आहेत का ते तपासावं, आणि एखाद्या पिनेवर फक्त 'मध्य एक' ठेवून तिच्या डोक्याची टेकवणी काढून पाहावी. युनिट रिजिड असताना ही चूक वरच्या असेंब्लीत समोर येत नाही.

आता साखळीकडं परत येतो.

यंत्राचं जमिनीवरून चालणारं चाक चौकटीला बसवलेलं होतं. त्या चाकानं फिरणारा लांब दांडा चारही युनिटांसमोरून जात होता, आणि प्रत्येक युनिटसमोर त्यावर एक दातेरी चक्र. तिथून साखळी युनिटवरच्या चक्राला जायची आणि बियाण्याची चकती फिरायची. दात्यांचं गणित मी मन लावून केलं होतं. चाकाचा व्यास ४० सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे १२५.६ सेंटिमीटर रान मागं पडतं. दोन बियांत ५ सेंटिमीटर हवेत, तर एका फेऱ्यात २५ बिया पडायला हव्यात. चकतीला २० खाचा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चकतीचा सव्वा फेरा. दांड्यावर २० दाती आणि चकतीकडं १६ दाती घेतली की २० भागिले १६ बरोबर सव्वा. चाक घसरलं नाही तर बी बरोबर ५ सेंटिमीटरवर. मॉडेलमध्ये दोन चक्रांमध्ये हे प्रमाण सांगणारी मेटही दिली होती. तीही देताना एक भान ठेवावं लागतं: दाते एकमेकांत अडकलेली चक्रं उलटसुलट फिरतात, साखळीनं जोडलेली एकाच दिशेनं.

हे सगळं बरोबर होतं. चुकलं होतं ते चौकटीवरच्या दांड्याची जागा ठरवताना. माझ्या भुजा ३० सेंटिमीटर लांबीच्या. भुजा आडव्या असताना युनिटवरच्या चक्रापासून सरळ ३० सेंटिमीटर पुढं, चौकटीच्या बाजूला, एक बिंदू आहे. युनिट वर-खाली होताना त्याच्यावरचं चक्र ज्या कमानीत फिरतं, तिचा मध्य हा बिंदू. दांडा नेमका त्या बिंदूवर असता तर युनिट कुठंही गेलं तरी दोन चक्रांतलं अंतर ३० सेंटिमीटरच राहिलं असतं. मी दांडा त्याच्या ५ सेंटिमीटर वर घेतला होता, कारण तिथं चौकटीची पट्टी आयती मिळत होती.

भुजा आडव्या असताना चक्रांतलं अंतर ३०.४ सेंटिमीटर. ड्रॉइंगमध्ये युनिट याच स्थितीत गोठलेलं, साखळीची लांबीही त्याच मापाची. पण भुजा २० अंश खाली गेल्या की अंतर ३२.१ होतं, आणि २० अंश वर गेल्या की २८.७. साखळी दोन्ही बाजूंनी जाते म्हणून फरक दुप्पट: खाली जाताना तिला सव्वातीन-साडेतीन सेंटिमीटर लांबी कमी पडते, वर जाताना जवळपास तितकीच ढिली राहते. धुऱ्यावर यंत्र उचललं की चारही युनिटं लोंबकळून खाली जायची आणि साखळ्या ताणायच्या. ढेकळावर चढलं की लोळायच्या आणि उतरायच्या. ड्रायव्हरनं बोटानं जे सांगितलं तेच हे आकडे. मी सगळी मापं युनिट रिजिड ठेवूनच घेतली होती, आणि दर वेळी ३०.४ हेच उत्तर आलं होतं.

त्या संध्याकाळी युनिटं फ्लेक्सिबल केली, दोन चक्रांच्या मध्यांमधलं अंतर दाखवणारं माप पडद्यावर लावून ठेवलं आणि एक युनिट माउसनं खाली ओढलं. आकडा पळायला लागला. दहा सेकंदांचं काम होतं.

यानंतर काही सवयी मी स्वतःला लावून घेतल्या. हलत्या भुजेला मर्यादेची मेट युनिटच्या मूळ फाइलमध्येच देतो: आडव्यापासून वर २० अंश, खाली २० अंश. ३० सेंटिमीटरच्या भुजेला यात वर आणि खाली दहा-दहा सेंटिमीटर मिळतात, जे आपल्या रानाला पुरतं. ही मर्यादा मूळ फाइलमध्ये असली की चारही नकलांना ती आपोआप लागू होते. युनिटच्या फाइलमध्ये चौकटीला लागणारी उभी पट्टी स्थिर ठेवतो; तिथं काहीच स्थिर नसेल तर फ्लेक्सिबल केल्यावर कुठला भाग कुणाला धरून आहे याचा पत्ता लागत नाही. युनिटच्या पोटात आणखी एक हलती सब-असेंब्ली असेल, आमच्याकडं माती दाबणाऱ्या चाकाची होती, तर तिला तिच्या पातळीवर वेगळं फ्लेक्सिबल करावं लागतं. वरचं दार उघडून आतलं उघडत नाही, आणि आतलं उघडून वरचं बंद ठेवलं तरी काही हलत नाही.

आणि काम झालं की परत रिजिड. हे मी आग्रहानं सांगतो, कारण सगळं कायम मोकळं ठेवणारी मुलंही मी पाहिली आहेत. त्यांची असेंब्ली उघडायला पाच मिनिटं लागतात आणि एका नटाला धक्का लागला तरी भलतीच भुजा कुठंतरी लटकते. यंत्राच्या दोनच ठराविक स्थिती दाखवायच्या असतील, पेरतानाची आणि उचललेली, तर एकाच फाइलमध्ये दोन कॉन्फिगरेशन करून ठेवावीत आणि दोन्ही रिजिडच राहू द्यावीत. लेझर कटिंगला जाणाऱ्या ड्रॉइंगला हलत्या सांध्याची गरज नसते. ती असते फक्त तपासायच्या वेळी: काही आपटतं का, काही ताणतं का, काही ढिलं पडतं का.

जिंतूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात आणि परभणीच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांना भेटलो की मी त्यांना हे युनिट काढायला सांगतो. दोन समांतर भुजा, एक साखळी, चार नकला. हातात माउस, आणि मनात जिंतूर रस्त्याकडेचं कुठलंही ढेकळांचं रान. कुणी ते युनिट खाली ओढून साखळीचं अंतर बघतो, कुणी बघत नाही.

यंत्राची दुरुस्ती सोपी निघाली. चौकटीच्या पट्टीत ५ सेंटिमीटर खाली नवी भोकं पाडली, दांडा तिथं बसवला, साखळीची लांबी थोडी कमी केली. पुढच्या वर्षी मृगानंतर तेच यंत्र त्याच रानात चाललं. चार युनिटं चार उंचींवर नाचत होती आणि चारही साखळ्या सारख्याच ताठ होत्या. पट्टीवरची जुनी भोकं मी बुजवू दिली नाहीत. नव्या भोकांच्या बरोबर वर, ५ सेंटिमीटरवर, ती अजून रिकामी आहेत.